‘सरकारी कामात अडथळा’: पोलिसावर हात उचलल्याचा गुन्हा दाखल झाला तर काय करायचं

खाकी शर्टाचं एक बटण, चार भोकांचं, दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला. ते कागदी पाकिटात घालून, वर लाखेचं सील आणि पंचांच्या सह्या घेऊन कोर्टात मुद्देमाल म्हणून आलं होतं. नाकाबंदीत गाडी अडवली, बोलाचाली झाली आणि २२ वर्षांच्या एका पोराने हवालदाराची कॉलर धरली. घडलं ते एवढंच. मुलाचे वडील माझ्यासमोर बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, “वकीलसाहेब, मारलं नाही हो त्यानं, नुसतं धरलं होतं.” कायद्याच्या लेखी ‘नुसतं धरणं’ म्हणजे काय, हे त्या घराला त्या दिवशी कळलं.

फौजदारी कोर्टात वकिली करताना अशी घरं मला वरचेवर भेटतात. गुन्हेगारीशी त्यांचा काही संबंध नसतो. पोलीस ठाण्याची पायरी ती पहिल्यांदाच चढलेली असतात, आणि पहिल्या दोन दिवसांत घाबरून नको त्या चुका करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी घटनेची तारीख बघा

पेपरमध्ये आणि पोलीस ठाण्यात अजूनही सगळे ‘तीनशे त्रेपन्न’ म्हणतात. तो जुन्या भारतीय दंड संहितेतला आकडा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३५३ चं कलम १३२ झालं. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर जुनं कलम, नंतरची असेल तर नवं. गुन्हा कधी नोंदवला यापेक्षा घटना कधी घडली हे महत्त्वाचं.

महाराष्ट्रात या तारखेला फार वजन आहे. आपल्या राज्याने जुन्या संहितेत स्वतःची दुरुस्ती केली होती. २०१८ पासून इथे ३५३ ची कमाल शिक्षा २ वर्षांवरून ५ वर्षांवर गेली आणि खटला सत्र न्यायालयात चालू लागला. गोव्यात आणि इतर राज्यांत ही दुरुस्ती नव्हती. नव्या संहितेच्या कलम १३२ मध्ये कमाल शिक्षा पुन्हा २ वर्षं, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे त्याच नाक्यावर, तशाच भांडणात, जून २०२४ मधल्या आरोपीला ५ वर्षांपर्यंतच्या शिक्षेची टांगती तलवार आणि जुलैमधल्या आरोपीला २ वर्षांची. नेटवर वाचलेल्या जुन्या माहितीवर विसंबून कोणी तुम्हाला ‘पाच वर्षं आत जाणार’ म्हणून घाबरवत असेल, तर आधी तारीख तपासा.

एफआयआरची प्रत घ्या आणि कलमं एकेक करून वाचा

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार बहुतेक एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशा संवेदनशील बाबी त्यातून वगळल्या आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणं आणि तारीख टाकून शोधता येतं. मिळाली नाही तर वकिलामार्फत अर्ज करा. प्रत हातात आल्याशिवाय कोणाशीही ‘मिटवण्याची’ बोलणी करू नका, कारण नेमकं काय लिहिलंय हे तुम्हाला ठाऊकच नसतं.

त्यात साधारण पुढची कलमं दिसतात.

कलम २२१ म्हणजे लोकसेवकाच्या कामात अडथळा. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा अदखलपात्र (कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस अटक करू शकत नाहीत असा) आणि जामीनपात्र गुन्हा आहे. त्या लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने कोर्टात लेखी तक्रार दिल्याशिवाय कोर्ट त्याची दखल घेऊ शकत नाही. ‘सरकारी कामात अडथळा’ हे शब्द खरे या कलमाचे. पण बातमीत ते सर्रास १३२ साठी वापरतात आणि वाचणाऱ्याची गल्लत होते.

कलम १३२ म्हणजे लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग. हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. यात जखम व्हावीच लागत नाही.

कलम १२१ मध्ये जखम आली. पहिल्या पोटकलमात साधी दुखापत, शिक्षा ५ वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या पोटकलमात जबर दुखापत, शिक्षा किमान १ वर्ष आणि कमाल १० वर्षं, शिवाय दंड. जबर दुखापत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हातपाय तुटलेला माणूस येतो. पण हाड मोडणं किंवा निखळणं याच्या जोडीने कायद्याने दातही घातला आहे. झटापटीत हवालदाराचा एक दात पडला तरी प्रकरण थेट १२१(२) मध्ये जातं, आणि तिथे दोष सिद्ध झाला की किमान एक वर्षाची शिक्षा ठरलेली. म्हणून वैद्यकीय दाखल्यात नेमकं काय लिहिलंय हे वकिलाने पहिल्याच दिवशी बघायला हवं.

जमाव असेल तर बेकायदेशीर जमाव आणि दंगलीची कलमं (१८९ ते १९१) जोडली जातात. दंगल आवरणाऱ्या पोलिसावर हात टाकला तर कलम १९५: ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. जमावाच्या गुन्ह्यात तुमचा हात लागला नसला तरी ‘समान उद्दिष्टा’च्या नावाखाली तुम्ही आरोपी होऊ शकता. मोर्चात मागे उभ्या असलेल्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

आणि डोक्यात काठी, दगड घातला किंवा अंगावर गाडी घातली, तर कलम १०९, खुनाचा प्रयत्न. १० वर्षांपर्यंत, आणि त्यात दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. हे कागदावरचं भय नव्हे. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला हेल्मेट न घातलेल्या एका मुलाला वाहतूक हवालदाराने अडवलं, त्यातून हवालदाराच्या डोक्यात बांबू घातला गेला आणि आठवड्याभराने तो हॉस्पिटलमध्ये दगावला. साध्या हेल्मेटवरून एक माणूस जिवानिशी गेला. उन्हात दहा-बारा तास उभं राहणाऱ्या त्या माणसालाही घर असतं. मी आरोपीची बाजू मांडतो, तरी हे विसरून मला काम करता येत नाही.

‘हात लावला’ कशाला म्हणतात

कलम १३२ चा खटला या एका प्रश्नावर उभा राहतो किंवा पडतो.

बलप्रयोग म्हणजे मारणंच असं नाही. माणसाला ढकलणं, त्याची हालचाल थांबवणं, त्याच्या अंगावरच्या कपड्याला किंवा हातातल्या वस्तूला झटका देणं, हे सगळं त्यात बसतं. कॉलर धरली, हातातलं ई-चलानचं मशीन हिसकावलं, अडवायला पुढे आलेल्या हवालदाराला बाइकने रेटलं, की बलप्रयोग झाला. त्या बटणाचं महत्त्व तेवढ्यासाठीच होतं.

हमला तर स्पर्शाशिवायही होतो. कायद्यातलीच उदाहरणं आहेत: समोरच्यावर मूठ उगारणं, चावऱ्या कुत्र्याचं मुसकं सोडायला लागणं, काठी उचलून ‘तुला हाणतो’ म्हणणं. पण त्याच कलमात पुढे असंही स्पष्ट लिहिलंय की नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. शब्दांमुळे हावभावाला अर्थ येऊ शकतो, पण हावभावच नसेल तर हमला नाही.

म्हणून मोठ्याने बोलणं, नियम विचारणं, ‘वरिष्ठांकडे तक्रार करीन’ म्हणणं, यावर १३२ टिकणं अवघड. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या एका जोडप्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. त्यांनी वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर पोलिसाच्या वागणुकीबद्दल तक्रार लिहिली होती आणि त्यावर ३५३ लावलं गेलं होतं. बलप्रयोगही नाही, हमलाही नाही, मग ३५३ कसलं, असं कोर्टाने म्हटलं. मात्र शिवीगाळ आणि धमकी यांना वेगळी कलमं आहेत. ‘तुला बघून घेतो, बदली करतो’ हे वाक्य लोकसेवकाला धमकी म्हणून कलम २२४ मध्ये जाऊ शकतं, आणि तिथेही शिक्षा २ वर्षांपर्यंत आहे.

दुसरा घटक कर्तव्याचा. पोलीस त्या वेळी काम करत होता का, किंवा त्याला कामापासून रोखण्याचा हेतू होता का, किंवा त्याने केलेल्या कामाचा राग काढला का, या तिन्हींपैकी एक सिद्ध व्हावं लागतं. तिसरा भाग नीट वाचा. काल चलान फाडलं म्हणून आज ड्युटी संपवून साध्या कपड्यात घरी निघालेल्या हवालदाराला गाठून मारलं, तरी १३२ लागतं. उलट, सोसायटीतल्या पार्किंगवरून शेजारी राहणाऱ्या पोलिसाशी भांडण झालं, तर ते दोन शेजाऱ्यांचं भांडण. तिथे हे कलम लावलं असेल तर आव्हान द्यायला जागा आहे. जाता जाता सांगतो, तलाठी आणि एसटीचा कंडक्टरही लोकसेवकच आहेत. त्यांच्याबाबतीत हेच कलम.

“पण पोलीसच चुकीचं वागत होता, मी स्वतःला वाचवलं,” हे मला जवळजवळ प्रत्येक अशील सांगतो. इथे कायदा कडक आहे. लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने, सद्भावनेने काही करत असेल, तर त्याची कृती काटेकोर कायदेशीर नसली तरी तुम्हाला स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तरच मिळतो. समोरचा पोलीस आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं आणि तसं समजायला कारणही नव्हतं, उदाहरणार्थ तो साध्या वेशात होता आणि ओळख न देता त्याने झडप घातली, तर गोष्ट वेगळी.

अटक होणार की नोटीस येणार

१३२ आणि १२१(१) ची शिक्षा ७ वर्षांच्या आत आहे. अशा गुन्ह्यात पोलिसांनी ऊठसूट अटक करायची नसते. आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि अटक करायचीच असेल तर तिची कारणं नोंदवायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे खडसावून सांगितलं आहे. नोटीस आली तर पळू नका, फोन बंद करू नका. दिलेल्या वेळी वकिलाला सोबत घेऊन जा आणि हजर झाल्याची नोंद घ्यायला लावा. हजर राहिला नाहीत, की अटकेचं कारण तुम्हीच पोलिसांच्या हातात दिलं.

वय ६० च्या वर असेल किंवा आरोपी आजारी-अशक्त असेल, आणि गुन्ह्याची शिक्षा ३ वर्षांपेक्षा कमी असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही. फक्त १३२ लागलं असेल तर हा नियम लागू पडतो. १२१(२) किंवा १०९ असेल तर मात्र अटक होणार असं धरून चाला आणि अटकपूर्व जामिनासाठी (त्याच संहितेचं कलम ४८२) त्याच दिवशी वकील गाठा.

अटक झाल्यावरचे २४ तास

घरच्यांनी ही कामं वाटून घ्यावीत. एकाने ठाण्यात थांबावं, एकाने वकील बघावा, एकाने पुरावा.

ठाण्यात थांबणाऱ्याने अटक पंचनाम्यावरची वेळ बघावी. तिथूनच २४ तास मोजले जातात आणि प्रवासाचा वेळ सोडून तेवढ्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं. अटकेची खबर नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळाली पाहिजेत, निदान रिमांडच्या, म्हणजे कोठडी द्यायची का हे मॅजिस्ट्रेट ठरवतात त्या सुनावणीच्या, २ तास आधी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलंय. ती मिळाली नसतील तर वकिलाने रिमांडच्या वेळीच मुद्दा मांडावा. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थितीतच आणि मॅजिस्ट्रेटच्या पूर्वपरवानगीने महिला अधिकाऱ्यानेच अटक करायची असते. मुलगा १८ च्या आतला असेल तर शाळेचा दाखला ताबडतोब दाखवा. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करा. कोठडीतल्या कोणत्याही माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. तिथे लोक गप्प राहतात आणि तीच सर्वांत महाग पडणारी चूक ठरते. पोलीस ठाण्यात मार बसला असेल तर डॉक्टरला सांगा, वळ दाखवा, लिहून घ्यायला लावा. त्या तपासणीच्या अहवालाची प्रत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. पोलीस दाराशी उभे असले तरी दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेट विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” तेव्हा मान हलवून ‘नाही’ म्हणू नका. त्या ‘नाही’ची रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद होते आणि सहा महिन्यांनी ती कोणालाच पुसता येत नाही.

अजामीनपात्र म्हणजे जामीन नाही, असं नव्हे

हा शब्द ऐकून आया रडायला लागतात, म्हणून सांगतो. अजामीनपात्र म्हणजे पोलीस ठाण्यात हक्काने जामीन मिळत नाही. तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. पूर्वी गुन्हा नाही, कायमचा पत्ता आहे, नोकरी किंवा शिक्षण चालू आहे, जखम किरकोळ आहे, शस्त्र नाही, असं असेल तर १३२ मध्ये जामीन मिळणं ही नेहमीची गोष्ट आहे. रेशनकार्ड, आधार, कॉलेजचं ओळखपत्र, पगाराची स्लिप आणि जामीनदाराची कागदपत्रं सकाळीच पिशवीत तयार ठेवा. पैकी एक कागद घरी राहिला म्हणून पोरगं आणखी एक रात्र आत राहिलेलं मी पाहिलं आहे.

पुरावा आटायच्या आत पकडा

रस्त्यावरच्या दुकानांची सीसीटीव्ही चित्रं थोड्याच दिवसांत आपोआप पुसली जातात. त्याच दिवशी दुकानदाराला हात जोडून विनंती करा आणि वकिलामार्फत तपासी अंमलदाराला लेखी कळवा की अमुक ठिकाणचं चित्रीकरण ताब्यात घ्या. पोचपावती घ्या. पोलीस ठाण्यात मारहाण झाली असेल तर ठाण्याच्याच कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज कोर्टात द्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिन्यांची साठवण सांगितली आहे, ती शक्य नसेल तिथे निदान एका वर्षाची.

पोलिसांविरुद्धची तक्रार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडे करता येते. आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

पुन्हा नाक्यावर उभं राहायची वेळ आली तर

गाडीचं इंजिन बंद करा. उतरा. हात दिसतील असे ठेवा. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवणं बंधनकारकच आहे, डिजीलॉकरमधलं चालतं. चलान चुकीचं वाटलं तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते आणि कोर्टातही लढता येतं. रस्त्यावर लढू नका. हवालदाराच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून घ्या.

मोबाईलवर चित्रीकरण करायचं असेल तर दोन पावलं मागे होऊन करा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलंय की पोलीस ठाणं हे शासकीय गुपितांच्या कायद्याखालचं ‘प्रतिबंधित स्थान’ नाही. पण फोन पोलिसाच्या तोंडासमोर नाचवला, त्याने तो बाजूला सारला आणि तुम्ही त्याचा हात झटकला, की चित्रीकरणाचा मुद्दा तिथेच संपतो आणि १३२ चा सुरू होतो. मित्र सोबत असेल तर त्याचं एकच काम, भडकलेल्याला हाताला धरून मागे ओढणं.

पुढे खटला, आणि मिटवण्याचा प्रश्न

आरोपी कोठडीत असेल आणि १३२ किंवा १२१(१) मध्ये ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामिनाचा हक्कच तयार होतो. अर्ज मात्र करावा लागतो.

‘साहेबांची माफी मागू, मिटवून टाकू’ असं घरचे सुचवतात. १३२ हा आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. फिर्यादी हवालदार राजी झाला तरी मॅजिस्ट्रेट खटला बंद करू शकत नाही. उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करता येतो, पण पोलिसावरच्या हल्ल्यात कोर्ट सहजी ऐकत नाही. एफआयआरमध्ये मुळात बलप्रयोगाचं वर्णनच नसेल तर गोष्ट निराळी. ‘मिटवण्यासाठी’ पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. लाच देणं हाही गुन्हा आहे.

दोष सिद्ध झाला तरी १३२ ला किमान शिक्षा नाही. पहिलाच गुन्हा आणि कोवळं वय असेल तर वकिलाने १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणी करावी. २१ वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात धाडायचं असेल तर कोर्टाला तशी कारणं लिहावी लागतात.

नोकरी आणि पासपोर्ट

खटला चालू असताना पासपोर्ट अडतो. ज्या कोर्टात खटला आहे तिथून परवानगी घेतली तर ठराविक मुदतीसाठी मिळतो. १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत ही सोय आहे. परदेशी शिक्षणाचं पत्र हातात असेल तर परवानगीचा अर्ज दोन-तीन महिने आधी करा.

सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात ‘तुमच्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे का’ हा रकाना असतो. तिथे बरीच पोरं ‘नाही’ लिहितात. खरी माहिती दिली तर नेमणूक देणारे गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घेतात. खटल्यातून सुटल्यावरही दडवलेल्या माहितीमुळे नोकरी जाऊ शकते. त्या बटणवाल्या मुलाने अर्ज भरताना मला फोन करून विचारलं होतं. मी त्याला गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, कोर्टाचं नाव आणि पुढची तारीख, चारही गोष्टी रकान्यात लिहायला लावल्या.